तिसरीच्या वर्गात पोहण्याचा तास

पाण्यात पडल्यावर स्वतःला तरंगत ठेवणे, काठ गाठणे आणि दुसरा बुडत असेल तर स्वतः पाण्यात न उतरता त्याला मदत करणे, ही तीन कौशल्ये मिळून मुलांची जलसुरक्षा होते. स्पर्धेतल्या पोहण्याशी तिचा फारसा संबंध नाही. तिथे वेग, शैली आणि घड्याळ यांना महत्त्व असते. इथे मूल जिवंत काठावर आले की काम झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत सहा वर्षांवरील मुलांना पायाभूत पोहणे आणि पाण्यातील सुरक्षा शिकवावी, अशी ठाम शिफारस आहे. मुले या वयात शाळेत जातात. श्रीमंत-गरीब, मुलगा-मुलगी, गावकरी-स्थलांतरित असा फरक न करता सगळी मुले एकत्र सापडण्याची जागा शाळा हीच आहे. म्हणून हे शिक्षण शाळेत आणि शाळेच्या वेळेतच द्यायला हवे. त्याची गरज किती आहे आणि ते कसे देता येईल, हे पाहण्यासाठी पुण्याच्या पूर्वेचे लोणी काळभोर हे गाव नमुना म्हणून घेता येते.

लोणी काळभोरचे पाणी

हवेली तालुक्यातले लोणी काळभोर पुणे-सोलापूर महामार्गावर, पुण्यापासून सुमारे १८ किलोमीटरवर आहे. उत्तरेकडून मुळा-मुठा वाहते. राजबाग परिसराच्या कडेने ती थेऊरच्या चिंतामणी मंदिराकडे वळते. पात्रात वर्षातला बराच काळ जलपर्णीचा हिरवा थर असतो आणि वरून पाहिल्यावर पाणी कुठे सुरू होते हेही कळत नाही. पावसाळ्यात खडकवासला धरणातून विसर्ग वाढला की हेच पात्र काही तासांत फुगते.

गावाचे दुसरे पाणी कालव्याचे. खडकवासला धरण १८७९मध्ये पूर्ण झाले आणि पुण्याच्या पूर्वेच्या कोरडवाहू भागाला मुठा उजव्या कालव्याचे पाणी मिळाले. पुढे नवा मुठा उजवा कालवा झाला. सुमारे २०२ किलोमीटरचा हा कालवा हडपसर, लोणी काळभोर, उरुळी कांचन, यवत या पट्ट्यातून दौंड-इंदापूरकडे जातो. जुन्या कालव्याला लोक ‘बेबी कालवा’ म्हणतात. त्यात मुंढव्याच्या जॅकवेलमधून प्रक्रिया केलेले सांडपाणी शेतीसाठी सोडले जाते. दोन्ही कालव्यांच्या काठाने वस्त्या वाढल्या आहेत. कपडे धुणे, जनावरे धुणे, मोटार लावणे, गणपती विसर्जन, उन्हाळ्यात डुंबणे, सगळे याच काठावर चालते.

कालव्याचा धोका त्याच्या वेळापत्रकात आहे. नदी बारमाही दिसते, पण कालवा आवर्तनाने वाहतो. आज कोरड्या तळात क्रिकेट खेळणारी मुले चार दिवसांनी त्याच जागी डोक्यावरून जाणारे पाणी पाहतात. उन्हाळी आवर्तन नेमके शाळेच्या सुट्टीत येते. ऊन कडक, शाळा बंद, आईवडील कामावर आणि घरामागे काठोकाठ भरलेला कालवा अशी परिस्थिती दरवर्षी ठरलेल्या वेळी तयार होते.

तिसरे पाणी शेतातले. जुन्या विहिरींपैकी बऱ्याच विहिरींचे कठडे ढासळले आहेत. ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना २०१६मध्ये आली आणि राज्यभर प्लॅस्टिकचे अस्तर लावलेली तळी वाढली. रामदऱ्याच्या मंदिराभोवती तळे आहे. हवेलीच्या पूर्व भागात दगडखाणींत साचलेले खोल पाणी आहे. थोडक्यात, इथल्या मुलाच्या शाळेच्या वाटेवर, घरामागे आणि देवाच्या वाटेवरही पाणी आहे. ते टाळून त्याला मोठे होता येणार नाही.

बुडण्याचे प्रमाण आणि स्वरूप

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४च्या अहवालानुसार २०२१मध्ये जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मरण पावली. त्यांतली जवळजवळ एक चतुर्थांश पाच वर्षांखालची मुले होती. दहांपैकी नऊ मृत्यू गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत झाले. भारतात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अलीकडच्या अहवालांत अपघाती बुडण्याचे वर्षाचे मृत्यू ३६ ते ३८ हजारांच्या घरात आहेत आणि मध्य प्रदेशाबरोबर महाराष्ट्राचा क्रमांक सतत वरचा आहे.

हे मृत्यू इतके होऊनही लक्षात का येत नाहीत, याचे एक कारण बुडण्याच्या पद्धतीत आहे. बुडणारा माणूस हात वर करून ओरडतो, हे दृश्य सिनेमातले आहे. ओरडायला श्वास लागतो आणि बुडणाऱ्याचे तोंड क्षणभरच पाण्याबाहेर येते. हात आपोआप बाजूला पसरून पाणी खाली दाबू लागतात, त्यामुळे हलवून खूण करणे जमत नाही. शरीर उभे राहते, डोके मागे कलते, केस कपाळावर येतात आणि डोळे काचेसारखे होतात. अशी धडपड साधारण २० ते ६० सेकंद टिकते. लहान मूल तर एखाद-दोन गटांगळ्यांतच दिसेनासे होते. पाच पावलांवर कपडे धुणाऱ्या बाईला ते ऐकूही येत नाही.

पाणी श्वासनलिकेशी पोचले की घसा आवळला जातो आणि फुप्फुसांत हवा जाणे थांबते. मेंदूला प्राणवायू न मिळाल्यास चार ते सहा मिनिटांत कायमची इजा सुरू होते. एवढ्या वेळात कोणतेही अग्निशमन दल किंवा रुग्णवाहिका पोचू शकत नाही. वाचवणारे दोघेच असू शकतात: स्वतः ते मूल आणि त्या क्षणी काठावर असलेला माणूस. ग्रामीण भागात काठावर असते ते बहुतेक वेळा दुसरे मूलच. एक घसरतो, त्याला हात द्यायला भाऊ उतरतो, मग बहीण. एकाच घरातली दोन-तीन मुले एकाच वेळी जातात ती अशी. म्हणूनच पोहणे आणि वाचवण्याची रीत हे दोन्ही धडे एकाच तासात शिकवावे लागतात.

विहिरीवरची शाळा आणि तिची मर्यादा

महाराष्ट्रातल्या खेड्यांत पोहणे शिकवण्याची एक जुनी, चोख पद्धत होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत काका, मामा किंवा थोरला भाऊ मुलाला मळ्यातल्या विहिरीवर नेई. कमरेला सुका भोपळा, पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा ओंडका किंवा पत्र्याचा बंद डबा बांधला जाई आणि पुढे ट्रॅक्टरची ट्यूब आली. पोटाखालून दोर घेऊन तो वर धरलेला असे. आठवडाभराने डबा सुटे, मग दोरही सुटे आणि महिनाअखेरीस पोरगे वरून सूर मारू लागे. शिकवणाऱ्याला विहिरीचा ठाव, तिच्यातले खडक आणि कपारी ठाऊक असत. शिकणारा एक आणि त्याच्यावर नजर ठेवणारे चौघे असत.

ही शाळा आता मोडली आहे. बोअरवेल आणि पाइपलाइन आल्यावर विहिरींचा वापर कमी झाला, गाळ काढणे थांबले आणि पाणी खराब झाले. महामार्गाच्या पट्ट्यात शेतीचे प्लॉट झाले. गावात भाड्याने राहणाऱ्या कामगारांच्या मुलांना ना मळा, ना विहीर, ना शिकवायला मामा. त्या शाळेत एक त्रुटी पहिल्यापासून होतीच, ती म्हणजे मुली तिच्यात फार थोड्या असत. पाणी भरणे, धुणी धुणे, जनावरांना पाणी दाखवणे या कामांनी ज्या रोज काठावर जात, त्यांनाच पोहता येत नसे.

आज पोहणे शिकवले जाते ते शहरातल्या तलावांवर, महिन्याची फी भरून. पुण्याला टिळक तलावासारख्या जुन्या जागांची परंपरा आहे आणि १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेला बालेवाडीचा ऑलिंपिक तलाव आहे. पण लोणी काळभोरच्या कामगाराच्या मुलाला बालेवाडी शहराच्या दुसऱ्या टोकाला पडते. पाणी सगळ्यांच्या दारात आणि शिकवणी फी परवडणाऱ्यांनाच, ही विषमता फक्त शाळाच मिटवू शकते.

इतर देशांनी काय केले

जपानमध्ये ११ मे १९५५ रोजी सेतो समुद्रात दाट धुक्यात ‘शिऊन मारू’ ही फेरीबोट दुसऱ्या बोटीवर आदळून बुडाली. १६८ माणसे गेली, त्यांत १०० शाळकरी मुले सहलीला निघालेली होती. त्या दुःखातून जपानने शाळाशाळांत जलतरण तलाव बांधण्याची मोहीम हाती घेतली आणि पोहणे शालेय शिक्षणाचा नेहमीचा भाग झाले. आता जुने तलाव दुरुस्तीला महाग पडतात, म्हणून तिथल्या अनेक शाळा जवळच्या सामायिक तलावावर मुलांना नेतात. प्रत्येक शाळेला स्वतःचा तलाव लागतोच असे नाही, हा त्यातला धडा.

कालव्यांचा देश असलेल्या नेदरलँड्समध्ये पोहण्याचा पहिला दाखला मिळवताना मुलाला कपड्यांनिशी पाण्यात उतरून पोहून दाखवावे लागते, कारण कालव्यात पडणारे मूल पोहण्याचा पोशाख घालून पडत नाही. इंग्लंडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात प्राथमिक शाळा संपण्याआधी मुलाने किमान २५ मीटर पोहावे आणि पाण्यात स्वतःचा बचाव करून दाखवावा, अशी अट आहे.

लोणी काळभोरला सर्वांत जवळचे उदाहरण मात्र बांगलादेशचे आहे. तिथे ना शाळेत तलाव, ना पैसा. घरामागे पुकुर म्हणजे तळे असते आणि त्यात मुले बुडतात. तिथल्या जखम-प्रतिबंध संशोधन संस्थेने ऑस्ट्रेलियाच्या रॉयल लाइफ सेव्हिंग सोसायटी आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने २००६च्या सुमारास ‘स्विमसेफ’ हा उपक्रम सुरू केला. गावच्या तळ्यात बांबूचे मचाण आणि कठडे बांधून मुलांच्या छातीएवढ्या खोलीचा सुरक्षित चौक तयार केला जातो. गावातल्याच तरुण-तरुणींना प्रशिक्षण देऊन शिक्षक केले जाते आणि एका शिक्षकाकडे थोडीच मुले असतात. अभ्यासक्रम २१ पायऱ्यांचा आहे. उत्तीर्ण होण्याच्या अटी तीन आहेत: २५ मीटर पोहणे, ३० सेकंद एका जागी तरंगणे आणि काठावरून बुडणाऱ्याकडे काही टाकून किंवा पुढे करून त्याला ओढणे. ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हे शिक्षण घेतलेल्या ४ ते १२ वर्षांच्या मुलांत बुडून मरण्याचे प्रमाण न घेतलेल्यांच्या तुलनेत ९३ टक्क्यांनी कमी आढळले. एवढ्या थोड्या खर्चात इतकी मुले वाचवणारे उपाय बालआरोग्यात मोजकेच आहेत.

तासाचा क्रम

तिसरी-चौथी, म्हणजे आठ-नऊ वर्षे, हे शिकवण्याचे उत्तम वय. सूचना समजतात, अंग लवचीक असते, भीती अजून घट्ट झालेली नसते आणि एकट्याने बाहेर हिंडणे नुकतेच सुरू झालेले असते.

पहिले दोन तास पाण्याची ओळख करून देण्याचे. मुले शाळेत उभारलेल्या टाकीच्या कडेला बसून पाय हलवतात, मग शिडीने पाठमोरी उतरतात. काठ धरून एक फेरी मारतात. पाणी कमरेच्या वर, छातीच्या खाली. पाय टेकलेलेच असतात.

तिसऱ्या तासाला श्वास. सगळा पोहण्याचा पाया इथे आहे. मुलाने दोन्ही हातांनी काठाची दांडी धरायची, तोंड उघडून श्वास घ्यायचा, हनुवटी, ओठ, नाक असे क्रमाने पाण्यात घालायचे आणि नाका-तोंडाने बुडबुडे सोडायचे. बहुतेक मुले पहिल्यांदा श्वास कोंडून धरतात, डोळे गच्च मिटतात आणि चटकन वर येऊन हातांनी तोंड पुसतात. चांगला शिक्षक इथे घाई करत नाही. तो स्वतः मुलाच्या समोर पाण्यात तोंड घालतो, डोळे उघडे ठेवतो आणि बोटे दाखवून ‘किती?’ असे विचारतो. बोटे मोजण्याच्या नादात मुलाचे डोळे पाण्यात उघडतात. तोंड पुसायचे नाही, पाणी आपोआप गळू द्यायचे, हा छोटा नियमही महत्त्वाचा आहे. खऱ्या प्रसंगात तोंड पुसायला हात मोकळे नसतात. दहा वेळा लागोपाठ बुडबुडे सोडता आले की भीतीची कडी निखळते.

मग तरंगणे. छातीत हवा भरलेली असताना मानवी शरीर पाण्यापेक्षा किंचित हलके असते. बुडायला लावते ती धडपड आणि पाण्याबाहेर काढलेले डोके. शिक्षक मुलाच्या मानेखाली एक आणि कमरेखाली एक हात धरून त्याला उताणे करतो. कान पाण्यात, डोळे आभाळाकडे, पोट वर, हात पसरलेले. आधी कमरेखालचा हात काढायचा, मग मानेखालचा. उताणे तरंगणे हे जीव वाचवणारे पहिले कौशल्य आहे, कारण त्यात तोंड बाहेर राहते, दम लागत नाही आणि हाकही मारता येते.

पुढच्या तासांत भिंतीला पाय लावून सरकणे, पाय मारणे, हातांचे वल्हे आणि पोटावरून पाठीवर वळणे येते. दमले की उताणे व्हायचे, दम घेऊन पुन्हा निघायचे. अशा पद्धतीने पोहणारे मूल देखणे दिसत नाही, पण २५ मीटर जाते. शेवटच्या टप्प्यात गणवेशासह पाण्यात पडणे, वळून काठाकडे येणे आणि कोपरांवर जोर देऊन अंग वर ओढणे. ओला गणवेश किती जड होतो आणि पाय कसे धरतो, हे मुलाला सुरक्षित पाण्यातच कळलेले बरे.

टाकी, पाणी आणि माणसे

या शिक्षणासाठी मोठा तलाव लागत नाही. पोलादी चौकटीवर जाड ताडपत्रीसारखे अस्तर लावलेली, जोडता-सोडता येणारी १२ मीटर लांब, ६ मीटर रुंद टाकी पुरते. पाण्याची खोली ९० सेंटीमीटर धरली तर सुमारे ६५ हजार लिटर पाणी लागते, म्हणजे १० हजार लिटरचे साडेसहा टँकर. गाळणी-पंप लावला तर तेच पाणी महिनोन्‌महिने चालते आणि शेवटी शाळेच्या झाडांना देता येते. कालव्याचे किंवा नदीचे पाणी यासाठी वापरू नये. बेबी कालव्याचे तर नाहीच नाही.

पाण्यात मोकळे क्लोरीन लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम असावे. ६५ हजार लिटरला २ मिलिग्रॅमच्या हिशेबाने १३० ग्रॅम क्लोरीन लागते, म्हणजे सुमारे ४०० ग्रॅम चांगली टीसीएल (ब्लीचिंग) पावडर. रोज किती भर घालायची ते उन्हावर आणि मुलांच्या संख्येवर ठरते. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक पिण्याच्या पाण्याची ओटी टेस्ट, म्हणजे क्लोरीनची चाचणी, घेतोच. टाकीच्या पाण्याचे मोजमाप आणि नोंदवही त्याच्याकडून शाळेला शिकता येते. पंपाच्या जोडणीला गळती-विद्युत रोधक यंत्र असलेच पाहिजे. टाकीभोवती मुलाला चढता न येणारे कुंपण आणि कुलूपबंद फाटक हवे. वर्ग संपल्यावर शिडी काढून ठेवायची आणि सत्र संपल्यावर टाकी रिकामी करायची. सुरक्षा शिकवणारी टाकीच धोका होऊ नये.

माणसांचा हिशेब असा. एका शिक्षकाकडे पाच मुले, चार शिक्षकांकडे २० मुलांची तुकडी आणि पाचवा माणूस काठावर. तो शिकवत नाही, बोलत नाही, फोन घेत नाही. फक्त पाण्यावर नजर ठेवतो आणि डोकी मोजतो. प्रत्येक मुलाला एक जोडीदार असतो. शिट्टी झाली की जोडीदारांनी हात धरून वर करायचे. ४० मिनिटांचा तास आणि मध्ये १५ मिनिटे धरली तर पावणेचार तासांत चार तुकड्या, म्हणजे ८० मुले होतात. दिवसाआड आठवड्यातून तीन तास घेतले तर १६० मुलांचे २१ तास सात आठवड्यांत पुरे होतात. शनिवारची सकाळची शाळाही या हिशेबात बसते. त्यानंतर टाकी पुढच्या शाळेत जाऊ शकते. एका टाकीवर केंद्रातल्या कितीतरी शाळांची मुले वर्षभरात शिकून निघतील.

पुण्याच्या हवेत डिसेंबर-जानेवारीची सकाळ उघड्या पाण्यासाठी फार गार असते आणि जून ते ऑगस्ट पावसाचे. विजा चमकू लागल्या की सगळ्यांनी बाहेर यायचे असते. म्हणून फेब्रुवारी ते एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे दोन हंगाम योग्य. पहिला हंगाम उन्हाळी सुट्टीच्या आधी संपतो, हा त्याचा मोठा फायदा.

शिक्षक कुठून आणायचे? शारीरिक शिक्षणाचे शिक्षक, गावातले पोहण्यात तरबेज तरुण आणि नदीकाठी शोधकार्यात पोलिसांना मदत करणारे पट्टीचे पोहणारे यांतून निवड करता येते. मात्र चांगले पोहता येणे आणि मुलांना शिकवता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्येकाला अध्यापनाचे, बचावाचे आणि प्रथमोपचाराचे प्रशिक्षण हवे, बालसंरक्षणाचे नियम समजावलेले हवेत आणि पार्श्वभूमीची पडताळणी झालेली हवी.

मुली, आजार आणि संमती

मुलींना पुरेशी जागा दिली नाही तर हा उपक्रम अर्धाच राहील. अंगभर कपडे, म्हणजे लेगिंग आणि पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, चालतो असे पालकांना आधीच सांगावे. शिक्षिका असाव्यात, कपडे बदलायला आडोसा असावा आणि फोटो काढायला बंदी असावी. आठ-नऊ वर्षांच्या वयात संकोच कमी असतो. दोन-तीन वर्षे उशीर केला तर अनेक मुली कायमच्या गळतात. आईला एकदा काठावर बोलावून मुलगी तरंगताना दाखवली की घरातली अर्धी शंका मिटते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळेत मुलांची तपासणी करतात. तिचा उपयोग इथे होतो. फिट येणाऱ्या मुलाला डॉक्टरांच्या सल्ल्यानेच आणि एका माणसाच्या सतत हाताखाली उतरवावे. कान फुटलेले, ताप असलेले, उघडी जखम किंवा खरूज असलेले मूल बरे होईपर्यंत काठावरचे धडे घेते. दम्याच्या मुलाचा पंप काठावरच ठेवावा.

काठावरचे धडे

शिक्षणाचा निम्मा भाग कोरड्या जमिनीवर होतो आणि तो गावागणिक बदलतो. लोणी काळभोरच्या मुलांना कालवा, शेततळे आणि पूर हे तीन धडे स्वतंत्रपणे द्यावे लागतील.

कालव्याला काँक्रीटचे उतरते अस्तर असते. पाण्याच्या रेषेवर त्यावर शेवाळ धरते. पाय ठेवला की घसरतो आणि वर चढायला बोटे रोवायला जागा मिळत नाही. पडलेल्याने प्रवाहाविरुद्ध जाण्याचा प्रयत्न करू नये. उताणे व्हावे, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे ठेवावेत आणि हातांनी तिरके-तिरके काठाकडे सरकत पायऱ्या, पुलाचा खांब किंवा झाडाची फांदी गाठावी. जिथे कालवा ओढ्याखालून किंवा रस्त्याखालून नळीतून जातो, त्या सायफनच्या आणि दारांच्या आसपास कधीही उतरू नये. तिथली ओढ मोठ्या माणसालाही आवरत नाही.

शेततळ्याचे प्लॅस्टिक ओले झाले की काचेसारखे होते. पट्टीचा पोहणाराही त्यावरून वर येऊ शकत नाही आणि दमून बुडतो. उपाय साधा आहे. चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर किंवा ट्यूबच्या शिड्या तळापर्यंत सोडायच्या, कुंपण घालायचे आणि काठावर दोर बांधलेला रिकामा, बूच घट्ट लावलेला पाच लिटरचा कॅन ठेवायचा. असा कॅन पाण्यात सुमारे पाच किलो वजन पेलतो. मुलाचे डोके पाण्यावर राहायला एवढा आधार पुरतो. शाळेत प्रत्येक मुलाने हा कॅन दहा पावलांवर आखलेल्या चौकोनात टाकून ओढून दाखवावा. दोराचे टोक पायाखाली दाबायचे, कॅन बुडणाऱ्याच्या पलीकडे टाकायचा, पालथे पडून ओढायचे. दोर नसेल तर ओढणी, साडी, बांबू किंवा उसाचे टिपरे चालेल. आधी हाक, मग टाका, मग ओढा. स्वतः उतरायचे नाही. हा क्रम पाढ्यासारखा पाठ व्हायला हवा.

पुराचा धडा गणिताच्या तासातही शिकवता येतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. धरणातून हजार क्युसेक सोडले अशी बातमी असेल, तर दर सेकंदाला २८ टन पाणी येत आहे. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, म्हणून गुडघाभर वाहते पाणीही माणसाला आडवे करते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ हडपसर परिसरातल्या एका कुटुंबातील पाच जण धबधब्याच्या वाढत्या लोंढ्यात वाहून गेले. वर डोंगरात पाऊस पडला की खाली मिनिटांत पाणी वाढते, हे ज्ञान पोहता येण्याइतकेच मोलाचे आहे.

पाण्यातून बाहेर काढल्यावर

बुडालेल्याला उलटे धरून फिरवणे, पोट दाबणे, मिठात झाकून ठेवणे हे प्रकार अजून होतात. त्यात लाखमोलाची मिनिटे जातात आणि उलटीतले पाणी श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो. योग्य कृती अशी. हाक मारून, खांदा हलवून प्रतिसाद पाहावा. कोणाला तरी १०८ किंवा ११२ला फोन करायला सांगावे. श्वास नसेल तर सपाट जमिनीवर उताणे निजवून, हनुवटी वर उचलून, नाक चिमटीत धरून आधी तोंडाने श्वास द्यावेत. बुडालेल्याच्या बाबतीत प्राणवायू ही पहिली गरज आहे. मग छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या वेगाने ३० दाब आणि दोन श्वास, असे मदत येईपर्यंत चालू ठेवावे. शुद्धीवर आलेल्यालाही दवाखान्यात न्यावेच, कारण फुप्फुसांचा त्रास काही तासांनी वाढू शकतो. शिक्षकांना आणि वरच्या वर्गांतल्या मुलांना हे पुतळ्यावर करून पाहायला मिळाले पाहिजे. लहान मुलांना निदान फोन नंबर आणि गावाचा, वस्तीचा पत्ता नीट सांगता यावा.

शाळेची वेळ आणि शासनाची जबाबदारी

राज्याच्या प्राथमिक अभ्यासक्रमात पोहणे सक्तीचे नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या सहलीतले १४ विद्यार्थी बुडाले, तेव्हा शिक्षण खात्याने सहलींसाठी कडक अटी घातल्या. मुलांना पाण्यापासून दूर ठेवणारा हा उपाय सहलीपुरता चालतो. घरामागच्या कालव्याला अटी लागू होत नाहीत. पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्याच्या अपघाती मृत्यूनंतर पालकांना दीड लाख रुपये सानुग्रह अनुदान देण्याची योजना राज्यात आहे. ती असावीच. पण मृत्यूनंतर देण्याची तरतूद आहे आणि मृत्यू टाळण्याची नाही, हे चित्र बदलले पाहिजे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने डिसेंबर २०२३मध्ये बुडण्याच्या प्रतिबंधाचा राष्ट्रीय आराखडा जाहीर केला. संयुक्त राष्ट्रांनी २५ जुलै हा बुडण्याच्या प्रतिबंधाचा जागतिक दिन ठरवला आहे. कागदावरची दिशा ठरली आहे. ती शाळेच्या वेळापत्रकात यायची बाकी आहे.

वेळ नाही, ही तक्रार टिकत नाही. शारीरिक शिक्षणाचे तास आहेत आणि २०२४पासून पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ आला आहे. एका मुलाला सगळे मिळून चौदा तास पाण्यात द्यायचे आहेत, तेही आयुष्यात एकदा, आणि पुढे वर्षातून एकदा उजळणी. पोहता आले की मुले धीट होऊन जास्त बुडतील, ही भीती मोठ्यांच्या मनात असते. तिचे उत्तर अभ्यासक्रमातच आहे: एकट्याने उतरायचे नाही, अनोळखी पाण्यात सूर मारायचा नाही, वाहत्या पाण्यात पैज लावायची नाही, हे नियम पोहण्याच्या प्रत्येक पायरीबरोबर शिकवले जातात आणि परीक्षेतही विचारले जातात.

पाच वर्षांखालची मुले शाळेतल्या या शिक्षणात येत नाहीत. त्यांच्यासाठी अंगणवाडीची पूर्ण वेळ, घराच्या दाराला आडकाठी आणि पाण्याच्या टाक्यांना झाकणे हाच उपाय आहे. मोठ्यांसाठी कठडे, कुंपणे, आवर्तन सुटण्याआधी दवंडी आणि कालव्याला ठरावीक अंतरावर पायऱ्या हव्यात. जलसंपदा विभागाने आवर्तनाची तारीख शाळांना कळवावी आणि ती परिपाठात वाचली जावी, एवढे तर उद्यापासून करता येईल. शाळेने पोहणे शिकवले म्हणून या जबाबदाऱ्या संपत नाहीत.

जिल्हा परिषदेने टाकी आणि प्रशिक्षण द्यावे, ग्रामपंचायतीने पाणी आणि क्लोरीन, शाळेने वेळ आणि पालकांची संमती, आरोग्य विभागाने तपासणी आणि पुनरुज्जीवनाचे प्रशिक्षण, अशी वाटणी केली तर कोणावरही न पेलणारा बोजा पडत नाही. प्रत्येक मुलाच्या प्रगतिपुस्तकात तीन नोंदी असाव्यात: २५ मीटर पोहते, ३० सेकंद तरंगते, दोर टाकून ओढते. कालव्याकाठच्या गावात चौथीतून पाचवीत जाणाऱ्या प्रत्येक मुला-मुलीच्या नावापुढे या तिन्ही नोंदी असणे, हे त्या शाळेचे आणि शासनाचे कर्तव्य मानले गेले पाहिजे.